गुडघा शहरात बदलतो, दुखणं गावात येतं: विदर्भातल्या अस्थिरोगतज्ज्ञांना आणि भूलतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
विदर्भात गुडघ्याच्या शस्त्रक्रिया करणारे सर्व अस्थिरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ

विषय: रुग्ण ज्या घरी परत जाणार आहे ते घर लक्षात घेऊन ऑपरेशननंतरच्या वेदनेचं नियोजन करण्याबाबत

सन्माननीय डॉक्टर,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी करते. नागपूर, अमरावती, वर्धा, चंद्रपूर, कुठल्याही शहरात बदललेला गुडघा थोड्याच दिवसांत आमच्या भागातल्या एखाद्या खाटेवर येऊन पडतो. तिथून पुढे त्याला वाकवायचं, सरळ करायचं, त्याच्यावर माणूस उभं करायचं काम माझ्यासारख्यांकडे येतं. तुमच्या हातच्या कामाबद्दल मला काही म्हणायचं नाही. सांधा नीट बसलेला असतो, टाके कोरडे असतात. गाडी अडते ती दुखण्यापाशी. त्या दुखण्यासाठी जी चिठ्ठी हातात देऊन रुग्णाला घरी पाठवलं जातं, तिच्याबद्दल हे पत्र आहे.

माझं मागणं साधं आहे. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल अशा अफूवर्गातल्या गोळ्या पहिल्या दिवसापासून सरसकट लिहू नका. त्या राखीव ठेवा, मोजून द्या आणि कधी बंद करायच्या ते त्याच चिठ्ठीवर लिहा. हे साधण्यासाठी जे करावं लागतं त्यातलं निम्मं तुमच्या ऑपरेशन थिएटरात होतं आणि निम्मं रुग्णाच्या घरात. घरातलं तुम्हाला दिसत नाही, म्हणून ते आधी सांगते.

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याची कमाल किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरली. पुढच्या वर्षी आयुष्मान भारत योजना आली. जे ऑपरेशन पूर्वी नोकरदार-पेन्शनर घरांपुरतं होतं, ते निंदण-वेचणी करणाऱ्या बायांपर्यंत पोचू लागलं. ही फार मोठी गोष्ट आहे. जन्मभर उकिडवं बसून निंदलेले, डोक्यावर ओझी घेऊन धुऱ्याधुऱ्याने चाललेले गुडघे आहेत हे. पण शेतकऱ्याच्या घरात ऑपरेशनची तारीख कापूस ठरवतो. वेचणी आटोपली, तूर निघाली, हातात चार पैसे आले की फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑपरेशन. म्हणजे बरं होण्याचे दिवस नेमके एप्रिल-मे मध्ये येतात, पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा. त्या उन्हाचा आणि चिठ्ठीवरच्या औषधांचा थेट संबंध आहे, तो पुढे सांगते.

गेल्या उन्हाळ्यात बघितलेल्या एका मावशींचं उदाहरण देते, कारण असं घर मला पुन्हा पुन्हा दिसतं. कूलरसमोर खाट, मावशी डोळे मिटून पडलेल्या, ऑपरेशनच्या गुडघ्याखाली गोधडीची जाड घडी. ती सुनेने मायेने ठेवलेली. गुडघा थोडा वाकलेला राहिला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण तो तसाच राहिला तर पूर्ण सरळ होईनासा होतो, आणि सरळ न होणारा गुडघा चालताना आणखी दुखतो. मी घडी काढली आणि टाचेखाली सरकवली. मावशी कण्हल्या, "काहून त्रास द्यून रायली वं बाई? गोयी घेतली का झोप लागते, तेवढंच बरं हाय."

गोळीने झोप लागत होती हे खरं. पण मळमळही होती आणि उठलं की गरगरत होतं. ट्रॅमाडॉलने पोट बांधलं होतं. घरात खाली बसायचा संडास, तिथं बसता येणार नाही या धास्तीने त्या जेवण कमी करत होत्या आणि पाणी त्याहून कमी. गरगरतं म्हणून उठायचं नाही, उठत नाही म्हणून गुडघा आखडतो, आखडतो म्हणून दुखतो, दुखतो म्हणून पुन्हा तीच गोळी. ऑपरेशन यशस्वी झालेली बाई अशी खाटेला खिळत जाते.

उशाशी पिशवीत गोळ्यांचे तीन पत्ते होते. एकात ट्रॅमाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि सोबत पॅरासिटामॉल ३२५, दिवसातून तीनदा. दुसऱ्यात सूज उतरवणारं ॲसिक्लोफेनॅक आणि पुन्हा पॅरासिटामॉल ३२५, दोनदा. तिसरा नुसत्या पॅरासिटामॉलचा, ६५० चा, कणकण वाटली म्हणून गावातल्या मेडिकलमधून आणलेला, तो दिवसातून चारदा. बेरीज करा, एकट्या पॅरासिटामॉलचेच ४,२२५ मिलिग्रॅम होतात. धडधाकट प्रौढ माणसासाठी दिवसाची वरची मर्यादा ४,००० आहे, आणि अंगाने वाळलेल्या म्हातारीसाठी ती आणखी खाली आणावी लागते. तिन्ही पत्त्यांवर नावं वेगवेगळी आणि सगळं इंग्रजीत. घरात कॉलेजात जाणारा नातू होता, गोळ्या तोच वेळेवर देत होता. एकच औषध तिन्ही पत्त्यांत आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता तुमच्याकडचं. यातलं बहुतेक तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. तरी लिहिते, कारण सुटीच्या कागदांवर ते उतरलेलं मला क्वचितच दिसतं. गुडघा बदलल्यानंतरच्या वेदनेसाठी युरोपातल्या तज्ज्ञांच्या प्रॉस्पेक्ट गटाने २०२२ मध्ये शिफारशी प्रसिद्ध केल्या. पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारं वेदनाशामक हा पाया, तोही ठरल्या वेळी. मांडीच्या आतल्या बाजूने ॲडक्टर कॅनाल ब्लॉकचं, म्हणजे तिथली नस बधिर करणारं, एक इंजेक्शन. सर्जनने सांध्याभोवती भरलेलं बधिरतेचं औषध. ऑपरेशनच्या वेळी शिरेतून डेक्सामेथासोनचा एक डोस. अफूवर्गातलं औषध या सगळ्यानंतर येतं, एवढं करूनही दुखणं उरलं तर.

ब्लॉकबद्दल मी थोडं जास्त बोलते, कारण त्याचा फरक मला हाताला लागतो. फिमोरल ब्लॉकने, म्हणजे मांडीची मोठी नस वरच बधिर केल्याने, दुखणं थांबतं, पण मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडतो आणि उभं केलं की रुग्ण कोसळायची भीती असते. ॲडक्टर कॅनालमध्ये औषध दिलं तर मांडीची ताकद बरीचशी टिकते, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावलं टाकता येतात. इस्पितळातच उभी राहिलेली बाई घरी आल्यावर उठायला घाबरत नाही. यासाठी सोनोग्राफीचं यंत्र आणि ते बघून सुई टाकणारा भूलतज्ज्ञ लागतो. जिथं ते शक्य नाही तिथंही सांध्याभोवती औषध भरणं सर्जनच्या हातातलं आहे. फक्त एक लक्षात असू द्या, ब्लॉकचा असर साधारण दिवसभरात उतरतो, पुष्कळदा नेमका रात्री. तो उतरायच्या आधी पॅरासिटामॉल पोटात गेलेलं हवं. तसं झालं नाही तर पहाटे तीनला रुग्ण ओरडतो, ड्युटीवरचे डॉक्टर जोरदार इंजेक्शन देतात, आणि घरच्यांच्या मनात कायमचं बसतं की खरं औषध ते, बाकीच्या गोळ्या नावाला.

इतक्यात भागेल का, ही शंका रास्त आहे. कॅनडात गुडघ्याचं किंवा खांद्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालेल्या १९३ रुग्णांवरची एक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला नेहमीप्रमाणे अफूवर्गातलं औषध दिलं. दुसऱ्याला नॅप्रोक्सेन, पॅरासिटामॉल, पोट सांभाळायला पॅन्टोप्राझोल, आणि दुखण्याबद्दल समजावून सांगणारं माहितीपत्रक. फारच लागलं तर तीव्र औषध मागून घ्यायची मुभा त्यांनाही होती. सहा आठवड्यांत या दुसऱ्या गटाला ते फार कमी लागलं आणि दुखण्याच्या मोजणीत दोन्ही गट सारखेच राहिले. दुर्बिणीचं ऑपरेशन लहान आणि सांधा बदलणं मोठं, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्या रुग्णांना लावता येणार नाहीत. मला त्यातलं माहितीपत्रक महत्त्वाचं वाटतं. औषधांच्या ओळीत तेही दिलं होतं.

याचा अर्थ रुग्णाने दुखणं सोसावं असा कुणी काढू नये. सोसणं आमच्या बायांना शिकवावं लागत नाही. डोळ्यांत पाणी असतं आणि दुखतं का विचारलं तर मान नाहीची हलते. खरंच गरज आहे त्याला तीव्र औषध मिळालंच पाहिजे. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर कॅन्सरच्या रुग्णांना मॉर्फिन मिळणं किती दुरापास्त झालं होतं आणि त्यासाठी २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला, हे विसरून चालणार नाही. तसं पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये. पहिल्या दोन-तीन रात्री काहींना ट्रॅमाडॉल लागेल, तर ते जरूर द्यावं. माझा आक्षेप आहे तो महिनाभराची सरसकट चिठ्ठी आणि तिच्यावर एकही सूचना नसणं याला.

आता उन्हाचं. अफूवर्गातली गोळी कमी केली की भार सूज उतरवणाऱ्या गोळ्यांवर येतो, आणि त्या किडनीला जड जातात. मे महिन्यात घामाने सुकलेली, संडासच्या धास्तीने पाणी तोडलेली, वर रक्तदाबाची गोळी सुरू असलेली म्हातारी असेल, तर डायक्लोफेनॅकने किंवा एटोरिकॉक्सिबने तिच्या किडनीवर घाला यायला फार दिवस लागत नाहीत. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणीच खारं आहे तिथं, तर किडनीचे रुग्ण गावोगाव भेटतात. त्यात भर म्हणजे गावात दुखायचं इंजेक्शन मारून घ्यायची जुनी सवय. घरात सूज उतरवणारी गोळी सुरू असतानाच वरून डायक्लोचं इंजेक्शन पडतं आणि ते तुम्हाला कुणी कळवत नाही. म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघितल्याशिवाय ही गोळी देऊ नये, ती किती दिवस घ्यायची ते लिहावं, आणि दिवसाला किती पाणी प्यायचं तेही औषधासारखंच चिठ्ठीवर यावं. किडनी, अल्सर किंवा हृदयविकारामुळे ज्यांना ही गोळी चालतच नाही, त्यांना बेताच्या मात्रेत ट्रॅमाडॉल देणं कदाचित जास्त सुरक्षित ठरेल. तो निर्णय तुमचा. फक्त तो त्या माणसाकडे बघून झालेला असावा.

हल्ली काही रुग्ण अंगावर ब्युप्रेनॉर्फिनची सात दिवसांची पट्टी लावून घरी येतात. उष्णतेने त्या पट्टीतलं औषध अंगात जास्त वेगाने उतरतं. टिनाचं छप्पर, दुपारचा एक, वीज गेलेली, आणि अंगात ताप. घरच्यांना ती दुखण्यावरची साधी मलमपट्टी वाटते, एखादा तर तिच्यावरून गरम पिशवीचा शेक देतो. रुग्ण गुंगला, बोलवलं तर नीट ओ देत नाही, श्वास संथ झाला, तर पट्टी काढून ताबडतोब इस्पितळ गाठायचं, हे सांगूनच पट्टी लावावी. शक्यतो उन्हाळ्यात ती लावूच नये, असं मला वाटतं.

दोन प्रश्न ऑपरेशनच्या आधी नक्की विचारा आणि ते एकांतात विचारा. पहिला दारूचा. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे. तिथला माणूस मुला-सुनेसमोर, त्यातून डॉक्टरांपुढे, घेतो म्हणून कबूल करणार नाही. आणि दारूवर ट्रॅमाडॉल पडलं तर गुंगी आणि श्वास दोन्हीचा धोका. दुसरा प्रश्न मनाच्या औषधांचा. आमच्या जिल्ह्यांमध्ये नैराश्यावर उपचार घेणारी शेतकरी कुटुंबं आहेत, सरकारचा प्रेरणा प्रकल्प त्यासाठीच सुरू झाला. नैराश्याच्या कित्येक गोळ्यांसोबत ट्रॅमाडॉल घेतलं तर झटके येऊ शकतात. ही माणसं ती चिठ्ठी खिशात दडवून ठेवतात, विचारल्याशिवाय दाखवत नाहीत. अशा घरात उरलेल्या गोळ्यांचा साठाही राहू नये. ऑपरेशननंतर उरलेल्या गोळ्या परत घेण्याची सोय तुमच्याकडे असेल तर फार बरं होईल.

ट्रॅमाडॉल शेड्यूल एच-१ या कडक नोंदीच्या औषधांच्या यादीत आहे आणि एप्रिल २०१८ पासून एनडीपीएस कायद्याखालीही आलं आहे. कुणी लिहून दिलं, कुणाला दिलं, किती दिलं, हे दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंदवायचं असतं. आमच्याकडे प्रत्यक्षात दोन टोकं दिसतात. कुठे जुनीच चिठ्ठी दाखवून महिनोन्महिने गोळी मिळत राहते. कुठे झंझट नको म्हणून दुकानदार ती ठेवतच नाही. पहिल्या ठिकाणी सवय लागते. दुसऱ्या ठिकाणी कित्येक आठवडे घेतलेली गोळी एका दिवसात तुटते. मग अंग मोडून येतं, झोप उडते, घाम फुटतो, जीव घाबरा होतो, आणि घरचे म्हणतात गुडघा बिघडला. सुटीच्या वेळी लागतील तेवढ्याच गोळ्या इस्पितळातून मोजून दिल्या आणि त्या कशा उतरवत न्यायच्या ते सांगितलं, तर ही दोन्ही संकटं टळतात.

आणि सोबत एक कागद द्या. मराठीत, मोठ्या अक्षरांत, एकाच पानाचा. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र यांचे रकाने आणि प्रत्येक पत्त्यावर स्केचपेनने तीच खूण. कोणकोणत्या पत्त्यांत पॅरासिटामॉल आहे ते ठळक लिहा आणि मेडिकलमधून वरची गोळी आणू नका असंही लिहा. व्यायाम गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने करायचा, म्हणजे त्या वेळी दुखणं कमी असतं. उशी टाचेखाली ठेवायची, गुडघ्याखाली कधीच नाही. ही एक ओळ चित्रासकट छापली तरी माझं अर्धं काम होईल. बर्फ ओल्या फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, कातडीला थेट लावायचा नाही. ज्या घरी फ्रीज नाही किंवा दुपारभर वीज नाही, तिथं माठाच्या गार पाण्यात पिळलेलं फडकं पुन्हा पुन्हा बदलत ठेवावं. जखमेची पट्टी भिजू द्यायची नाही, एवढी काळजी घ्यायची. पोट साफ राहण्यासाठी तुम्ही द्याल ते औषध पहिल्या दिवसापासून सुरू हवं, चौथ्या दिवशी रुग्ण रडायला लागल्यावर नको. टॉयलेट चेअर आणि खाट उंच करायला विटा ऑपरेशनच्या आधीच घरी आलेल्या असाव्यात.

त्याच कागदावर खरं काय ते लिहा. पहिले दोन-तीन दिवस दुखणं जास्त असतं. रात्रीचा ठणका काही आठवडे राहतो. दुखणं शून्यावर येणार नाही, पण चालता यावं आणि झोप लागावी इतकं खाली येतं. हे आधी कळलेला माणूस ठणक्याला घाबरत नाही, आणि न घाबरलेल्या माणसाला गोळी कमी लागते हे मी रोज बघते. कोणत्या दुखण्यावर गोळी घेऊन थांबायचं नाही, तेही लिहा. पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली, ताप चढला, जखमेतून पू किंवा पाणी आलं, तर गाडी काढायची. आणि हे सगळं सुनेला समोर बसवून सांगा. सही मुलगा करतो, पण गोळी, बर्फ, उशी, संडास हे सगळं तिच्याच हातून होणार असतं.

घरी परततानाच्या प्रवासाबद्दल एवढंच सांगते की नागपूरहून आमच्याकडे यायला काही तास लागतात. जीपमध्ये पाय लोंबकळत आला की पोचेपर्यंत गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला असतो. निघण्याआधी ठरलेली गोळी द्या आणि तासाभराने गाडी थांबवून चार पावलं चालायला सांगा.

या पत्राची प्रत आरोग्य विभागालाही पाठवत आहे. आयुष्मान भारतच्या राष्ट्रीय नियमांत सुटीनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासणी पॅकेजमध्ये धरलेली आहे. गावातल्या बहुतेक रुग्णांना याचा पत्ता नसतो, ते खिशातून खर्च करतात किंवा गोळीच सोडून देतात. या १५ दिवसांत उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी एकदा घरी जाऊन पत्ते मोजले, रक्तदाब बघितला, गुडघा किती वाकतो ते बघितलं आणि काही शंका वाटल्यास ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवरून डॉक्टरांशी बोलणं करून दिलं, तर नवीन काही उभारावं लागणार नाही. वॉकर आणि टॉयलेट चेअर मात्र रुग्णाला उसनी का होईना, मिळायला हवी.

दिवाळीच्या आगेमागे वेचणी जोरात सुरू होईल आणि संक्रांतीनंतर तुमच्याकडे गुडघ्यांची रांग लागेल. तोवर हा कागद तयार व्हावा. त्याचा मसुदा करायला, तो गावातल्या बायांना वाचून दाखवून कुठे अडतं ते तुम्हाला कळवायला, आम्ही तालुक्याच्या ठिकाणचे फिजिओथेरपिस्ट आणि आशाताई तयार आहोत. तुमच्याकडून त्यावर औषधांच्या मात्रा हव्यात, आणि तळाशी एक फोन नंबर हवा, जो पहिले दोन आठवडे संध्याकाळी कुणीतरी उचलेल. तो वॉर्डातल्या सिस्टरांचा असला तरी चालेल.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट
जि. यवतमाळ